सव्वीस दिवस, दोन बोटी आणि एक अर्ज

अर्ज जेमतेम पाच ओळींचा होता. अधिकारी साहेबांस उद्देशून, १८९७ च्या कायद्यातून मला सूट मिळावी असा माझा दावा आहे. माझे पूर्ण नाव अमुक. गेले बारा महिने माझा मुक्काम अमुक ठिकाणी होता. माझा धंदा अमुक. माझा जन्म अमुक गावी, अमुक साली झाला. खाली सही. बोटीतून उतरू पाहणाऱ्याने हा मजकूर अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने लिहून दाखवायचा. अट एकच: तो युरोपातल्या एखाद्या भाषेत लिहिलेला हवा. इंग्रजीच हवी असे नाही. पोर्तुगीज चालेल, ग्रीकही चालेल. मराठी, गुजराती, तमिळ, उर्दू मात्र चालणार नाही. वह्या लिहिण्यात केस पिकलेला मुनीम आणि अंगठाबहाद्दर या दोघांची कायद्यापुढे एकच किंमत, दोघेही 'निषिद्ध'.

कायद्यात 'हिंदी' (म्हणजे हिंदुस्थानातला माणूस) हा शब्द नव्हता, 'आशियाई' नव्हता आणि रंगाचा तर उल्लेखही नव्हता. तरी तो कुणासाठी होता हे त्या वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. हा कायदा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीने केला आणि पुढे निम्म्या साम्राज्याने त्याची नक्कल केली. त्याच्या जन्माची हकिगत मुंबईच्या मांडवीपासून सुरू होते, म्हणून ती आपल्याही घरची आहे.

नावाबद्दल थोडे विषयांतर. वास्को द गामा १४९७ च्या ख्रिसमसच्या सुमारास त्या किनाऱ्याजवळून गेला, म्हणून पोर्तुगीजांनी त्याला नाताळ म्हटले. आपण ख्रिसमसला नाताळ म्हणतो तोही त्याच पोर्तुगीज शब्दाचा प्रसाद. आता ज्या दोन बोटींबद्दल सांगायचे आहे, त्या नाताळच्या दारात नाताळच्याच दिवशी अडकून पडल्या होत्या.

ऊस आणि गिरमिट

नाताळच्या किनारपट्टीवर ऊस उत्तम येतो. मळे गोऱ्यांचे होते, पण तोडणीला माणूस मिळेना. आसपासच्या झुलू लोकांकडे स्वतःची गुरे आणि शेती होती. दुसऱ्याच्या मळ्यावर वर्षभर राबण्याची त्यांना गरज नव्हती. तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून मजूर मागवले. १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेली 'ट्रुरो' डर्बनला पोहोचली आणि पुढची ५१ वर्षे हा ओघ चालू राहिला. एकूण १,५२,१८४ माणसे आली. त्यांतले बहुतेक तमिळ आणि तेलुगू मुलखांतले, बाकीचे कलकत्त्यामार्गे आलेले बिहार आणि संयुक्त प्रांतातले. कोकणातले मजूर त्याआधी मॉरिशसला गेले होते. नंतर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरीच्या माणसाला परळ जवळचे झाले. आपल्याकडे गिरमिटाची आठवण पुसट आहे ती बहुधा त्यामुळे.

मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यार. इथला गिरमिट मात्र 'अ‍ॅग्रीमेंट'चा अपभ्रंश आहे. करार पाच वर्षांचा. महिन्याला १० शिलिंग, दर वर्षी एका शिलिंगची वाढ, वर शिधा आणि राहायला खोपटे. परवान्याशिवाय मळा सोडला तर तो गुन्हा, त्याला तुरुंग. नोकरी सोडणे हा फौजदारी गुन्हा ठरतो, तिथे मजुरीचा दर किती हा प्रश्न गौण होऊन जातो.

मळेवाल्यांनी जे हिशेबात धरले नव्हते ते पाच वर्षांनी समोर आले. करार संपलेला माणूस परत जाईना. तो डर्बनच्या कडेला तुकडाभर जमीन खंडाने घेई, भाजी पिकवी आणि डोक्यावर टोपली घेऊन दारोदार विकी. कुणी मासेमारी करू लागला, कुणी धोबी झाला, कुणी आचारी. त्यांच्यामागोमाग पोरबंदर, सुरत भागातले व्यापारी आले, त्यांतले बरेच मुसलमान. हे स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आलेले. त्यांनी गावोगाव दुकाने टाकली आणि थोड्या नफ्यावर माल विकला. १८९६ मध्ये गांधींनी दिलेले आकडे असे: गोरे ५०,००० आणि हिंदी ५१,०००. त्या ५१,००० पैकी गिरमिटात असलेले १६,०००, गिरमिट संपवून राहिलेले ३०,००० आणि व्यापारी वगैरे ५,०००. ज्यांचा तो मुलूख होता ते झुलू ४ लाख, पण या भांडणात त्यांना विचारतो कोण.

यातला १६,००० हा आकडा कुणालाही खुपत नव्हता. खुपत होते ते ३०,००० आणि ५,०००. नाताळच्या सरकारने पुढे जे काही केले त्याची किल्ली या एका ओळीत आहे. राबणारा हिंदी हवा होता, आणखी हवा होता. राबून झाल्यावर स्वतःच्या मर्जीने जगणारा हिंदी नको होता.

१८९३ मध्ये नाताळला जबाबदार स्वराज्य मिळाले, म्हणजे गोऱ्यांना आपले मंत्रिमंडळ मिळाले, आणि लगेच एकामागून एक विधेयके आली. आधी मताधिकार काढून घेण्याचे. मग १८९५ मध्ये, गिरमिट संपवून जो परतही जाणार नाही आणि नवा करारही करणार नाही त्याच्यावर वार्षिक डोईपट्टीचे. वसाहतीला ती २५ पौंड हवी होती. कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारने घासाघीस करून ३ पौंडांवर आणली आणि मान्यता दिली. नवरा, बायको आणि वयात आलेली दोन मुले धरली तर एका घरामागे वर्षाला १२ पौंड. महिना दहा-पंधरा शिलिंगांवर राहिलेल्या माणसाने हे आणायचे कुठून? तो आणू शकणार नाही, हाच त्या कराचा हेतू होता.

तीन ओळींची तार

दक्षिण आफ्रिकेत तीन वर्षे काढून २६ वर्षांचे गांधी जून १८९६ मध्ये कुटुंबाला न्यायला हिंदुस्थानकडे निघाले. राजकोटला बसून त्यांनी नाताळमधल्या हिंदींच्या गाऱ्हाण्यांवर एक पत्रक लिहिले. त्याचे पुठ्ठे हिरवे, म्हणून ते 'हिरवे पत्रक' झाले. दहा हजार प्रती छापल्या. घड्या घालून तिकिटे लावायला गल्लीतली पोरे जमवली आणि मजुरी म्हणून त्यांना वापरलेली पोस्टाची तिकिटे वाटली.

मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या आधाराने २६ सप्टेंबरला सभा झाली. गांधींचा आवाज पोहोचेना, तेव्हा दिनशा वाच्छांनी भाषण वाचून पुरे केले. पुण्यात ते टिळकांना भेटले, गोखल्यांना भेटले. पुण्यातल्या दोन गटांचे आपसांतले सूत माहीत असलेल्या टिळकांनीच सल्ला दिला की अध्यक्ष कुठल्याच पक्षात नसलेला हवा, तुम्ही भांडारकरांना गाठा. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ते मान्य केले. फर्ग्युसनच्या आवारात गोखल्यांशी झालेली ती पहिली भेट पुढे कुठे पोहोचली ते शेवटी येईलच.

हिरव्या पत्रकात नवे काही नव्हते. नाताळमध्ये गांधींनी जे छापले होते त्यापेक्षा त्याची भाषा सौम्यच होती. पण ते हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांत आले, त्याचा सारांश रॉयटरने लंडनला धाडला आणि लंडनहून नाताळला जी तार गेली ती तीन ओळींची. तिचा मथितार्थ असा की नाताळमध्ये हिंदी लोकांना लुटतात, मारतात, जनावरासारखे वागवतात आणि त्यांना दाद मिळत नाही, असे हिंदुस्थानात छापून आले आहे. तीन ओळींत 'पण', 'काही ठिकाणी', 'बहुधा' हे शब्द मावत नाहीत. डर्बनच्या गोऱ्यांनी तार वाचली. पत्रक वाचले ते फार थोड्यांनी आणि तेही उशिरा.

लोणी आधीच कढत होते. तोंगाटच्या साखर कंपनीने त्याच सुमारास हिंदुस्थानातून गवंडी, सुतार असे कारागीर गिरमिटावर मागवण्यासाठी अर्ज केला होता. आजवर ऊसतोड्या हिंदी आला तर गोऱ्या सुताराला त्याचे काही नव्हते. आता गदा त्याच्या रंध्यावर येणार होती. पीटरमॅरित्झबर्ग आणि डर्बन इथे गोऱ्यांच्या संरक्षणाच्या नावाने मंडळे निघाली. त्यातच बातमी आली की गांधी दोन बोटी भरून माणसे घेऊन येताहेत. बोटीवर छापखाना आहे, लोहार आहेत, खिळे जुळवणारे आहेत. यातले काही एक खरे नव्हते.

मांडवी ते डर्बन

'कूरलँड' ३० नोव्हेंबरला मुंबईहून सुटली. ती डर्बनचे व्यापारी दादा अब्दुल्ला यांच्या मालकीची होती. तिच्याच आगेमागे 'नादेरी' निघाली, तिचे आडतेही तेच. गांधींबरोबर कस्तुरबा, दोन मुले आणि विधवा बहिणीचा मुलगा. गोऱ्यांच्या देशात सुधारलेले दिसावे म्हणून गांधींनी सगळ्यांना पारशी पद्धतीचे कपडे करवले होते. बूट पोरांना चावत होते, मोज्यांना वास येत होता, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

उतारू किती? आत्मकथेत गांधी दोन्ही बोटींचे मिळून सुमारे ८०० म्हणतात. पण मार्च १८९७ मध्ये वसाहतमंत्री चेंबरलेन यांना धाडलेल्या अर्जात कूरलँडवर २५५ आणि नादेरीवर ३५६ असे आकडे आहेत. तीस वर्षांनी आठवून लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन महिन्यांत कागदावर आलेला आकडा मी खरा धरतो. त्यातही बरेचसे पुढे ट्रान्सवाल, मॉरिशस वगैरे ठिकाणी जाणारे होते. नाताळला उतरणाऱ्यांत जुने रहिवासी आणि त्यांची बायकामुले होती. ज्याला आक्रमण म्हणत होते ते हे.

पण मुंबईहून निघालेल्या बोटीला त्या वर्षी एक खरी अडचण होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला होता आणि डिसेंबरात शहर ओस पडू लागले होते. जगातल्या प्रत्येक बंदराला मुंबईची धास्ती वाटावी यात गैर काही नव्हते. कोरोनाची पहिली लाट पाहिलेल्या आपल्याला तर ते वेगळे समजावून सांगायला नको. म्हणूनच पुढे जे झाले ते नीट पाहावे लागते, कारण खऱ्या भीतीच्या आडून दुसरे काम उरकायला फार सोपे जाते.

दोन्ही बोटी १८ डिसेंबरला डर्बनबाहेर नांगरल्या. मुंबई हे रोगग्रस्त बंदर असल्याची घोषणा नाताळच्या सरकारने १९ डिसेंबरला छापली. बोटींवर आजारी कुणी नव्हते. प्लेग अंगात असेल तर २३ दिवसांत तो दिसतोच असा तेव्हाचा समज. प्रवासाचे १८ झाले होते, उरले ५. पाच दिवसांनी बोटी सुटायला हव्या होत्या. तेवढ्यात बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याला बाजूला सारून सरकारने दुसरा डॉक्टर नेमला. त्याने जुने कपडे आणि अंथरुणे जाळायला लावली आणि मुदत पुन्हा मोजायला घेतली. मुदती वाढत गेल्या. समुद्रावर बोट अडकवून ठेवल्याचे पिवळे निशाण आणि गावात सभा.

टाऊन हॉलमधल्या सभेचे अध्यक्ष हॅरी स्पार्क्स. हे स्वयंसेवक दलात कॅप्टन, त्यांचे जोडीदार वायली तेही कॅप्टन. म्हणजे महाराणीचा गणवेश घालणारी माणसे महाराणीच्या प्रजेला धक्क्यावर अडवण्याची तयारी करत होती. व्यासपीठावरून उघड सांगण्यात आले की सरकार मनाने आपल्याच बाजूचे आहे. अ‍ॅटर्नी जनरल हॅरी एस्कंब यांनी ते ठामपणे नाकारल्याचे दिसत नाही. हेच एस्कंब पूर्वी दादा अब्दुल्लांचे वकील होते. गांधींना नाताळच्या न्यायालयात सनद मिळावी म्हणून त्यांनीच मदत केली होती. त्यामुळे त्यांना केवळ खलनायक ठरवून चालत नाही. त्यांचा हिशेब थंड डोक्याचा होता: जमाव हवा, पण हाताबाहेर जायला नको. लंडनला दाखवायला जमाव असला की कायदा मंजूर करून घेणे सोपे जाते.

आमिषेही दाखवली गेली. परत जात असाल तर भाडे वसाहत भरेल, असे बोटीच्या कप्तानाला लेखी कळवले. धमक्या होत्याच. उतारूंतले कुणीही परत जायला तयार झाले नाही.

१३ जानेवारी

त्या दिवशी धक्क्यावर जो जमाव गेला तो मोकाट नव्हता. तो धंदेवार रांगा लावून गेला. प्रत्येक तुकडीला नेमलेले पुढारी होते. रेल्वेचे कामगार सर्वांत जास्त, नऊशे ते हजार. सुतार साडेचारशे. दुकानांतले नोकर चारशे. गवंडी आणि गिलावा करणारे दोनशे. छापखान्यातले ऐंशी. शिंपी आणि खोगीर करणारे सत्तर. शिवाय यॉट क्लब आणि रोइंग क्लबची मंडळी. या यादीवर मी बराच वेळ रेंगाळलो आहे. युरोपात याच काळात कामगार अशाच धंदेवार रांगा लावून, मालकाविरुद्ध, आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरत होते. डर्बनमध्ये तीच शिस्त, तीच ऐक्याची भाषा, पण रोख मालकाकडे नाही. गिरमिटावर कारागीर मागवणारी साखर कंपनी राहिली बाजूला. त्या रेल्वेवाल्यांची रेल्वे स्वतः गिरमिटियांवर चालत होती, पण तिच्या कचेरीवर मोर्चा गेला नाही. तो गेला बोटीतल्या दुकानदारांच्या बायकामुलांवर.

आणखी एक तुकडी होती, पाचशे आफ्रिकी लोकांची. हातात काठ्या देऊन त्यांना आणले होते. ज्यांची जमीन गेली त्यांना भाडोत्री करून परके ठरवलेल्यांसमोर उभे करायचे, याला काय म्हणावे? आणि आपली बाजूही स्वच्छ नाही. त्या वर्षांतल्या गांधींच्या भाषणांत तक्रार अशी येते की आम्हाला आफ्रिकी माणसाच्या पातळीला आणून बसवतात. त्या माणसासाठी त्यांनी वापरलेला शब्द आज उच्चारवत नाही. व्यापारी आणि गिरमिटिया यांच्यातले अंतर दाखवण्याची धडपडही त्यांत दिसते. त्यांची दृष्टी पुढे बदलली, पण १८९७ मध्ये ती अशी होती.

एस्कंब धक्क्यावर आले. त्यांनी जमावाला वचन दिले की पार्लमेंट लवकर बोलावू, तुम्हाला हवा तो कायदा करू, आता घरी जा. जमाव पांगला. उतारूंना त्यांनी सांगितले की तुम्ही नाताळच्या कायद्याखाली तुमच्या गावातल्याइतकेच सुरक्षित आहात. दुपारी बोटी आत घेतल्या आणि उतारू खरोखरच सुखरूप उतरले, एक सोडून.

गांधींनी अंधार पडल्यावर उतरावे असा एस्कंब यांचा निरोप होता. दादा अब्दुल्लांचे वकील लॉटन बोटीवर आले आणि म्हणाले, चोरासारखे कशाला जायचे? कस्तुरबा तेव्हा गरोदर होत्या. त्यांना आणि मुलांना गाडीतून पारशी रुस्तमजींच्या घरी पाठवले. गांधी लॉटनबरोबर पायी निघाले. चार पोरांनी ओळखले, ओरडा झाला. रिक्षा बोलावली, तर ओढणाऱ्या झुलूला दम देऊन पळवले. वेस्ट स्ट्रीटवर लॉटनना बाजूला खेचले आणि मग दगड, विटांचे तुकडे, सडकी अंडी, लाथा. पागोटे उडाले. एका घराच्या गजांना धरून गांधी उभे होते तेव्हा पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांची बायको समोरून आली. ती गांधींना ओळखत होती. ऊन नव्हते तरी तिने छत्री उघडली आणि मध्ये उभी राहिली. बाईला लागेल म्हणून दगड थांबले.

रात्री रुस्तमजींच्या घराला गर्दीने वेढा घातला. गांधींना आमच्या हवाली करा, नाहीतर घर पेटवू. अलेक्झांडर दारात उभे राहून गर्दीशी गप्पा मारू लागले. गांधीला झाडाला लटकवण्याचे एक गाणेही त्यांनी गर्दीकडून म्हणून घेतले, आणि तेवढ्यात गांधी हिंदी शिपायाच्या वेषात, डोक्याला इजा होऊ नये म्हणून फेट्याखाली पत्र्याची थाळी ठेवून, शेजारच्या दुकानातून निसटले. या रात्रीची गोष्ट आपण शाळेत ऐकतो ती इथे संपते. गांधींनी हल्लेखोरांवर फिर्याद करायला नकार दिला, हेही सांगितले जाते. एस्कंब यांनी दिलेल्या वचनाचे काय झाले, ते मात्र क्वचितच.

वचनपूर्ती

फेब्रुवारीत एस्कंब पंतप्रधान झाले आणि मेपर्यंत चार कायदे पुस्तकात चढले. पहिल्याने रोगग्रस्त बंदरातून आलेल्या उतारूंना अडवून परत पाठवण्याची सोय केली, म्हणजे जानेवारीत ओढूनताणून केले ते आता कायदेशीर. दुसरा १४ क्रमांकाचा, स्थलांतर निर्बंधाचा, त्यातच तो पाच ओळींचा अर्ज. तिसरा दुकानाच्या परवान्यांचा. परवाना देणारा अधिकारी नगरपालिकेचा, अपील त्याच नगरपालिकेकडे, आणि न्यायालयात जायची वाट बंद. चौथा म्हणे हिंदी लोकांच्या सोयीचा, गिरमिटात नसलेल्याला पळालेला गिरमिटिया समजून पकडू नये म्हणून दाखला देणारा.

कारागिरी पाहायची तर ती १४ क्रमांकाच्या कायद्यात. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी १८९६ मध्ये आशियाई आणि आफ्रिकी लोकांना नाव घेऊन बंदी घालणारी विधेयके केली होती, पण लंडनने संमती रोखली. अडचण दुहेरी होती. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात हिंदी प्रजेला समान वागणुकीचे वचन होते, आणि जपानसारख्या उगवत्या राष्ट्राला दुखवायचे नव्हते. एस्कंब यांनी वाट काढली ती अमेरिकेकडे पाहून. तिथे साक्षरतेची चाचणी लावून दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या गरिबांना अडवण्याचे विधेयक चर्चेत होते. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी मार्च १८९७ मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. तिथे पडलेली कल्पना इथे उभी राहिली. नाताळच्या सभागृहात कुणी शंका काढली की हा कायदा तर इंग्रजांनाही लागेल, तेव्हा एस्कंब यांनी साफ सांगितले की इंग्रजांना तो लावणारे सरकार वेडेच म्हणावे लागेल, रोख आशियाई लोकांवर आहे. छापील कायदा सर्वांसाठी आणि अधिकाऱ्याच्या हातातला कायदा काहींसाठी.

मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे कलम दुसरेच. सरकारी व्यवस्थेने आणलेल्या गिरमिटिया मजुरांना हा कायदा लागू नव्हता. त्यांनी अर्ज लिहायचा नाही, भाषा यायची गरज नाही. स्वतःच्या पैशाने येणाऱ्या साक्षर व्यापाऱ्याला दार बंद आणि निरक्षर करारबद्धाला सताड उघडे.

जून १८९७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली. त्या ज्युबिलीसाठी सगळ्या वसाहतींचे पंतप्रधान लंडनला जमले, त्यांत एस्कंबही. २४ जूनला चेंबरलेन त्यांच्यापुढे बोलले. रंगावरून वा वंशावरून भेद करणे साम्राज्याच्या परंपरेत बसत नाही, तसे कराल तर राणीसरकारला दुःख होईल. पण तुमची अडचण आम्हाला समजते. नाताळने जशी शब्दयोजना केली आहे तशी तुम्हीही करा. त्याच्या दोनच दिवस आधी, त्याच ज्युबिलीच्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली होती. मांडवीच्या प्लेगने एकाच वर्षात पुण्यात आणि डर्बनमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टींना तोंड फोडले.

चेंबरलेन यांचा सल्ला वाया गेला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स, टास्मानिया, न्यूझीलंड, केप कॉलनी सगळ्यांनी तो उचलला. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नव्या संघराज्याने त्याला धार लावली. पाच ओळींचा ठरलेला मजकूर पाठ करता येतो, म्हणून तिथे अधिकारी युरोपीय भाषेतला ५० शब्दांचा उतारा वाचून दाखवी आणि येणाऱ्याने तो लिहायचा. इंग्रजी येणारा आला तर दुसरी भाषा निवडायची. १९०९ नंतर या परीक्षेत एकही जण उत्तीर्ण झाला नाही. १९३४ मध्ये एगॉन किश नावाच्या प्राग शहरातल्या कम्युनिस्ट लेखकाला अडवायचे होते. त्याला युरोपातल्या बऱ्याच भाषा येत, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत घेतली. प्रकरण हायकोर्टात गेले आणि न्यायमूर्तींनी ती भाषा कायद्यातली युरोपीय भाषाच नाही असे ठरवले. गोऱ्याला अडवायला गेल्यावर हत्यार असे बोथट झाले. परीक्षा रद्द व्हायला १९५८ उजाडले.

नाताळमध्ये मात्र १८९७ नंतर एक गोष्ट वाढतच गेली, ती म्हणजे गिरमिटियांची आयात. ऊस, कोळशाच्या खाणी, रेल्वे, सगळ्यांना माणसे हवी होती. त्यावर घाव घालता येईल तर तो हिंदुस्थानातूनच, हे फर्ग्युसनच्या आवारात गांधींना भेटलेल्या प्राध्यापकाने ओळखले. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला की नाताळसाठी गिरमिटाची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने हाती घ्यावा. स्वतंत्र हिंदीला तुम्ही दारात उभे करत नसाल तर तुमच्या मळ्यांना आम्ही माणूस का द्यावा, असा तो रोखठोक सवाल होता. सरकारने ठराव मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून भरती थांबली. तीन पौंडांची पट्टी जायला आणखी तीन वर्षे, न्यूकॅसलच्या खाणींतला संप आणि हजारो गिरमिटियांचा तुरुंगवास लागला.

शेवटची बोट 'उमलाझी' जुलै १९११ मध्ये डर्बनला लागली. तिच्यातल्या एकाही मजुराला तो पाच ओळींचा अर्ज लिहावा लागला नाही.